पदराआडचा कान

अनारसा तुपात सोडला की उलटायचा नसतो. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्यानं त्याच्या अंगावर हलकेच तूप उडवत राहायचं असतं. केशरबाई तेच करत होत्या. तेवढ्यात सुंदरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी एक छोटंसं भाषण केलं. पाच वर्षं पंचायत समितीचे सभापती होते, त्यामुळे घरात पाणी मागायचं असलं तरी ते आधी प्रस्तावना करत. आज जावई धोंड्याच्या जेवणाला येतायत, सहा महिन्यांनी घरात पाऊल टाकतायत, सगळं गोडीगुलाबीनं व्हावं, झालं गेलं विसरावं आणि कुणाच्या तोंडून वाकडा शब्द जाऊ नये, असा एकूण मजकूर होता.

केशरबाईंनी अनारसा निथळत ठेवला आणि दुसरा सोडला.

आपण डाव्या बाजूला उभे आहोत हे सुंदररावांच्या ध्यानात आलं. त्यांनी सुस्कारा सोडला, शेगडीला वळसा घातला, पिठाच्या डब्याला लागता लागता पाय वाचवला आणि उजव्या बाजूला येऊन सगळं भाषण पहिल्यापासून पुन्हा केलं.

"पयल्या बारीलाच ऐकलतं मी," केशरबाई म्हणाल्या.

"मग बोलली कावून न्हाईस?"

"अनारसा हसला असता. एकदा का तो तुपात फुटून पसरला की काय करताव?"

खरी गोष्ट अशी होती की डावा कान गेला, तरी घरात शांतता असली की डावीकडचं बोलणंही केशरबाईंच्या उजव्या कानाला बऱ्यापैकी कळत असे. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं भाषणं ऐकल्यावर माणसाला एवढी तरी सवलत मिळायला हवी, असं त्यांचं मत होतं.

"म्या काय मनलो, ध्यानात हाय ना?" सुंदरराव म्हणाले. "धोंड्याच्या ताटावर जावयाला बोलत नसत्यात."

"मग कवा बोलू? अधिक महिना तीन वर्सांनी येतोय. तवर गावातले अजून किती कान जायाचे?"

सुंदरराव आंबे पिळायला कुणी बसलंय का ते बघायला गेले.

गेल्या मार्गशीर्षात केशरबाईंचा डावा कान ठणकायला लागला होता. जावई आदिनाथराव डॉक्टर, पाटोद्याला त्यांचा दवाखाना. सुंदररावांचे जावई म्हणून आसपासची दहा-बारा गावं डोळे मिटून त्यांच्याकडं जात. घरच्याच माणसाला कान दाखवायचा, त्यात विचार कसला करायचा! ते आले, नाडी बघितली, ताप बघितला, कानात घालायला थेंब दिले. सासूच्या डोक्यावर कपाळापर्यंत पदर होता. जावयापुढं तो तसाच असतो. पदर बाजूला करा असं त्यांनी म्हटलं नाही, कारण सासूला असं कसं म्हणायचं. आणि केशरबाईंनी तो आपण होऊन काढला नाही, कारण जावयापुढं असा कसा काढायचा. पदराच्या आत कानामागं गरम, लालबुंद सूज येत गेली, ती एकटीच आपली वाढत राहिली.

आदिनाथराव तीनदा आले आणि तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, "आता कसं आहे, मामी?" तिन्ही वेळा केशरबाईंनी सांगितलं, "बरंय." कानात कुणी खिळा ठोकतंय असं वाटत असताना सांगितलं. इतक्या लांबून जावई आलेला, त्याच्या औषधानं बरं वाटत नाही असं तोंडावर कसं सांगणार? दुसऱ्या डॉक्टरला दाखवणं म्हणजे जावयाची अब्रू वेशीवर टांगणं, असं सुंदररावांचं मत पडलं. खोटं कशाला बोला, केशरबाईंचंही तेच मत होतं.

एकविसाव्या दिवशी लेक विजयमाला माहेरी आली आणि आईची वेणी घालायला बसली. तिनं पदर काढला, केस मागं घेतले आणि तिच्या हातातली फणी खाली पडली. आईचा कान सुपासारखा पुढं आला होता. त्याच दुपारी नगर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कानामागचं हाड पोखरलेलं दाखवलं, ऑपरेशन केलं, जीव वाचवला. कान मात्र गेला. आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले. आदिनाथराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ते सगळा वेळ हातातले रिपोर्ट बघत राहिले, सासूकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर ते या घरी आले नाहीत. ते येत नाहीत म्हणून विजयमालाही आली नाही. पहिले दोन महिने केशरबाईंना संताप संताप व्हायचा. जावयाचं नाव निघालं की हातातलं भांडं आपटलं जायचं. पुढं तो संताप निवला. आपणही तीनदा 'बरंय' म्हटलंच होतं की. पण एक काळजी काही केल्या जाईना. गाव अजूनही डोळे मिटून आदिनाथरावांकडं जात होतं, आणि आदिनाथराव अजूनही पदरावरूनच माणसं तपासत असतील, तर पुढचा नंबर कुणाचा? आपला नुसता कान गेला, दुसऱ्या कुणाचा जीव जायचा. तेव्हा आज बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं: 'जावईबापू, तुमी बघितलं न्हाई, अन् म्या दाखवलं न्हाई. हितून फुडं बघत जावा.' सकाळी गोठ्यात म्हशीपुढं त्यांनी ते दोनदा म्हणूनही बघितलं. म्हशीचे दोन्ही कान शाबूत होते आणि तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

बाराच्या सुमाराला गाडी आली. विजयमाला उतरताच आईच्या गळ्यात पडली, उजव्या कानाशी "कशी आहेस गं?" म्हणाली आणि रडायच्या आत हसायला लागली. आदिनाथराव मागून आले. बारीक झाले होते. सासऱ्याच्या पाया पडले, सासूच्या पाया पडले आणि मान वर न करताच बाजूला झाले.

ज्येष्ठातला उकाडा, म्हणून ताटं ओसरीवरच मांडली होती. केशरबाईंनी जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, तेहेतीस अनारशांचं ताट त्यावर दिवा ठेवून हातात दिलं. मग पुरणाचे धोंडे वाढले, आमरस वाढला, कुरडई मोडून ठेवली. तुपाचं भांडं उचललं आणि जावयापुढं वाकल्या. वाक्य ओठांवर आलं.

"जावईबापू..."

आदिनाथरावांनी वर बघितलं.

"...तूप वाढू?" केशरबाई म्हणाल्या.

असं चारदा झालं. चारही वेळा वाक्य घशातून नीट निघायचं, दातांपर्यंत यायचं आणि तिथून तूप होऊन बाहेर पडायचं. सुंदरराव खुशीत होते. बायकोनं आपलं ऐकलं असा त्यांचा समज झाला होता. आदिनाथराव बिचारे नाही म्हणायला धजत नव्हते.

"आई, बास की गं," विजयमाला शेवटी म्हणाली. "धोंडे पोहायला लागलेत."

केशरबाईंना स्वतःचा असा राग आला की सांगता सोय नाही. म्हशीपुढं जीभ चुरूचुरू चालते आणि इथं पाचर बसते. म्हशीलाच पाटावर बसवून तूप वाढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या मनात म्हणाल्या.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. वस्तीवरची भिवराबाई सुनेला घेऊन आली होती. दोघी सासवा-सुना चैतात ऊसतोडीवरून परत आल्या होत्या. सून रोहिणी वीस-बावीसची, सभापती समोर बसलेले बघून तिनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता. हातात पिशवी होती आणि तिच्या चालण्याला मधूनच झोक जात होता.

"जेवतायसा व्हय? मग थांबते," भिवराबाई म्हणाली. "डाक्टर आलेत आसं कळलं, मनलं पाटोद्याची खेप वाचंल. सुनंचा कान ठणकतोय. पंधरा दिस झाले."

"ताप येतोय का?" आदिनाथरावांनी ताटावरूनच विचारलं.

"येतोय, जातोय."

"सर्दीचा असेल. कान वाहतोय?"

"जरा जरा."

"थेंब लिहून देतो. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन घाला. आठ दिवसांनी दवाखान्यात या." आणि त्यांनी थेंबांचं नाव सांगितलं.

केशरबाईंच्या हातातलं भांडं जागच्या जागी थांबलं. त्याच थेंबांची अर्धी बाटली अजून देवघराच्या कोनाड्यात होती. टाकवत नव्हती आणि ठेववतही नव्हती.

"पोरी, लई दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

पदराच्या आतून बारीक आवाज आला, "न्हाई. बरंय."

ते 'बरंय' केशरबाईंना चांगलंच ओळखीचं होतं. आवाज तोच, घाई तीच. कुणाला त्रास नको म्हणून आवंढ्याबरोबर गिळून टाकलेलं. आता बोलायला पाहिजे, आत्ता नाही तर कधीच नाही, असं त्यांना झालं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द काही आला नाही.

मग त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. डोक्यावरच्या पदराचा काठ धरला आणि पदर खांद्यावर सोडला. जावयाच्या ताटासमोर, डावी बाजू त्यांच्याकडं करून त्या पाट ओढून बसल्या आणि रोहिणीकडं बघत राहिल्या. ऑपरेशनला काढलेले केस पुरते वाढले नव्हते. त्यांतून कानामागचा बोटभर वण कुणालाही दिसेल असा दिसत होता.

सुंदररावांनी घसा खाकरला. विजयमालानं वाटीत चमचा ठेवला.

आदिनाथरावांचा हात घासासकट मध्येच थांबला होता. त्यांनी तो वण आज पहिल्यांदाच बघितला. त्यांनी घास ताटात ठेवला आणि ते उठले.

"जावईबापू!" सुंदरराव ओरडलेच. "धोंड्याच्या ताटावरून उठू नै. अर्ध्या जेवनातून..."

आदिनाथराव ओसरीच्या कडेला हात धूत होते. पंच्याला हात पुसत ते खाली उतरले आणि रोहिणीसमोर उभे राहिले.

"ताई, पदर काढा."

रोहिणी सासूकडं सरकली. भिवराबाईनं पहिल्यांदा डॉक्टरांकडं, मग ओसरीवर बघितलं. "सभापतींच्या म्होरं?" ती पुटपुटली.

"तुमी भिंतीकडं तोंड करा," केशरबाईंनी नवऱ्याला सांगितलं.

"म्या?"

"मग काय म्हशीला सांगू?"

माजी सभापती निमूटपणे वळले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या वाचू लागले.

रोहिणीनं पदर मागं घेतला. उजवा कान पुढं आला होता, अगदी सुपासारखा. आदिनाथरावांनी केस हळूच बाजूला केले, कानामागं दोन बोटं टेकवली, आणि इतका वेळ बरंय म्हणणारी पोर "आयाई गं" करून कळवळली. त्यांनी तिच्या डोळ्यांपुढं बोट फिरवून बघितलं, मान वाकवून बघितली, ताप बघितला. घाई कुठंच केली नाही.

"आत्ताच निघायचं," ते म्हणाले. "नगरला. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करतो."

"आगाई! नगरला कशाला?" भिवराबाई घाबरली. "थेंब घालून बघू की आठ दिस. तुमीच तर मनला आत्ता."

"न बघता सांगितलं मी." पुढचं बोलायला आदिनाथरावांना जोर लावावा लागला. "मागच्या खेपेलाही न बघताच सांगितलं होतं."

मागची खेप कुठली, हे भिवराबाईला कळायचं कारण नव्हतं. ओसरीवरच्या तिघांना कळलं. विजयमालानं ओढणी डोळ्यांना लावली. सुंदररावांनी एकादश्या वाचणं थांबवलं, पण वळले नाहीत. केशरबाईंना एकदम इतकं हलकं वाटलं की त्या भिंतीला हात न लावता उठल्या. कान गेल्यापासून उठताना तोल सांभाळायला त्यांना भिंत लागायची.

मग सगळ्यांची धांदल उडाली. आदिनाथरावांनी गाडीतली बॅग आणून रोहिणीला इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, फोनवर बोलले. दुपारी आष्टीला एका मिटिंगला जायला म्हणून सुंदररावांनी आपली गाडी पुसून ठेवली होती; ड्रायव्हर बिभीषणला केशरबाईंनी तीच घेऊन नगरला निघायला सांगितलं.

"आन् माझी मिटिंग?" सुंदरराव भिंतीला म्हणाले.

"फोनवर करा भाषन. निस्तं ऐकायचंच तर आसतंय."

विजयमालानं आईची एक धुतलेली साडी आणि चादर पिशवीत घातली. केशरबाईंनी डब्यात धोंडे भरले, वर पाच अनारसे ठेवले. गाडीत बसताना रोहिणीनं पुन्हा पदर ओढायला हात वर नेला. केशरबाईंनी खिडकीतून हात घालून तो धरला.

"ऱ्हाऊ दे. तिथं गेल्यावर कुनीबी इचारलं, दुखतंय का, तर दुखतंय मन. बरंय मनलीस तर बघ."

रोहिणी पहिल्यांदाच हसली. गाडी फाट्याला वळून दिसेनाशी होईपर्यंत सगळे अंगणात उभे होते.

केशरबाई परत आल्या आणि त्यांनी जावयाचं जुनं ताट उचललं. पाटापुढं नवीन ताट मांडलं, गरम धोंडे वाढले, ताजा रस वाढला. आदिनाथराव येऊन बसले, केशरबाईही समोर पाटावर बसल्या.

"मामी," आदिनाथराव म्हणाले, "तुमचा कान बघू का मी?"

"आदी जेवा. कान आता कुटं पळून चाललाय!"

विजयमाला फस्सकन हसली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं. पण केशरबाईही हसत होत्या, अगदी मनापासून, आणि आदिनाथरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी घास उचलला, परत ठेवला.

"मामी, मला तुम्हाला..."

याच वेळी सुंदरराव जवळ आले. भिंतीकडून सुटका झाल्यावर सगळं पुन्हा रीतसर व्हावं असं त्यांना वाटत होतं. सकाळी शेगडीपाशी शिकलेला धडा ते विसरले नव्हते, मुद्दाम वळसा घेऊन ते बायकोच्या उजव्या बाजूला आले आणि खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, पदर घे आता. पेशंट गेली. जावयाफुडं आसं बरं दिसतंय का?"

केशरबाईंनी तुपाचं भांडं हातात घेतलं आणि त्या पाटावर बसल्या बसल्या अर्ध्या वळल्या. डावा कान नवऱ्याकडं गेला. उजवा जावयाकडं आला.

"हं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "काय मनत होतात? बोला, ऐकतेय मी."